घाटावर राहिलेला बाल्दिरी

लग्नाच्या वाढदिवसाला मुलानं दोघांनी मिळून चालवायची, दोन सीटांची सायकल आणून दारात उभी केली, तेव्हा रेमेईला वाटलं की दुरुस्तीला आणली असेल. एलोइचं ओलोत गावात सायकली भाड्यानं द्यायचं दुकान होतं आणि दुकानात मावेनाशा झालेल्या सायकली आईच्या दारात लावून जायची त्याला खोडच होती. पण या सायकलला पुढे लाल फीत बांधलेली होती, आणि एलोइ स्वतः दाढी करून आला होता. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"दोन दिवस, आई. इथून थेट जिरोनापर्यंत. जुन्या छोट्या आगगाडीचा रस्ता आहे. रूळ कधीच काढून टाकलेत. एकसुद्धा मोटार येत नाही. रात्री अमेर गावात खोली सांगून ठेवलीय. बाबांना घेऊन जा."

"मोटार येत नाही तर त्याला रस्ता कशाला म्हणायचं?" आतून बाल्दिरी म्हणाला.

बाल्दिरीनं जन्मभर ओलोतमध्ये टॅक्सी चालवली होती. पाहुण्यांना ज्वालामुखी दाखवायचे, हा त्याचा मुख्य धंदा. गावाच्या चारी बाजूंनी ज्वालामुखी आहेत, एक तर गावाच्या मधोमध आहे आणि त्याच्या पोटात लोक कुत्री फिरवतात. बाल्दिरी पाहुण्यांना एकेका ज्वालामुखीच्या पायथ्याशी नेई, हॉर्न वाजवी आणि म्हणे, "झोपलाय. जोरात बोलू नका." हा विनोद त्यानं इतक्या वेळा केला होता की त्याचा त्यालाच तो इतिहास वाटायला लागला होता. गाडीला कधी ओरखडा नाही, पोलिसाची कधी पावती नाही. आणि मग दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या बरोब्बर मधोमध डाग आला. कडेचं सगळं स्वच्छ दिसे, समोरचं नाही. कुणाकडे नीट बघायचं असलं की त्याला तोंड दुसरीकडे फिरवावं लागे. त्यामुळे ओलोतमधल्या अर्ध्या लोकांना वाटे, लायसन्स गेल्यापासून बाल्दिरीला गर्व चढलाय.

"पुढे कोण बसणार?" त्यानं विचारलं.

एलोइ फीत सोडवू लागला.

"हिला गाडी येत नाही," बाल्दिरी म्हणाला.

"ही गाडी नाही, सायकल आहे," रेमेई म्हणाली. "आणि मी सॉसेजच्या कारखान्यात इतकी वर्षं सायकलवरच गेले. तू कधी सोडायला आलास?"

"मला गिऱ्हाईक असायचं."

शनिवारी सकाळी दोघं निघाले. बाल्दिरीनं टॅक्सीच्या डिकीतलं पिवळं चमकणारं जाकीट चढवलं होतं, गाडी रस्त्यात बंद पडली तर घालायचं ते. त्याचा फोन, चष्मा, गोळ्या, सगळं रेमेईनं पुढच्या पिशवीत घातलं. बाल्दिरीपाशी काही ठेवलं की ते हरवतं, हा तिचा अनुभव होता. तो मागे बसला, पट्टा शोधला, पट्टा नव्हता.

"आरसा कुठाय?"

"नाहीये."

"मग मागून कोण येतंय हे कसं कळणार?"

"मागून तूच येतोयस."

ऑक्टोबर होता. शेतांना काळ्या दगडांच्या बुटक्या भिंती होत्या. पूर्वी कधीतरी लाव्हा इथवर येऊन थिजला, शेतकऱ्यांनी तो फोडून बांध घातले आणि उरलेल्याचे ढीग केले. सायकलखाली तांबडी-काळी बारीक खडी कुरकुरत होती. रेमेईला ते फार आवडलं. आपण इतक्या सहज चालवतोय याचं तिला स्वतःलाच कौतुक वाटत होतं. फक्त मागची सीट गप्प बसत नव्हती.

"डावीकडे हात कर."

"कुणाला दाखवायला? मागे कुणी नाही."

"नियम आहे. थांब, फाटा आहे. थांब. आता जा. सावकाश. तुझं लक्ष कुठाय?"

बाल्दिरीचं आणखी एक दुखणं होतं. हा रस्ता मोटाररस्त्याच्या उलट्या बाजूनं जात होता, त्यामुळे सगळे ज्वालामुखी पाठमोरे झाले होते. त्याला प्रत्येक ज्वालामुखी पार्किंगवरून ओळखता येई. आता तो मान वाकडी करकरून बघत होता आणि एकाचंही नाव सांगता येत नव्हतं.

"हा कुठला?" रेमेईनं एकदा सहज विचारलं.

"याचं पार्किंग दाखव, मग सांगतो."

लेस प्रेसेस गाव मागे पडलं आणि चढ लागला. फार मोठा नव्हता. आगगाडीला चढता येईल असाच, लांबलचक, सभ्य चढ. पण रेमेईच्या मांड्या भरून आल्या. सायकल भिजल्या गादीसारखी जड झाली. इतकं जड कसं, दोघं पाय मारतोय ना, असं ती मनाशी म्हणतेय तोच मागून दोन डच बायका घंटी वाजवत पुढे गेल्या. जाताना त्या हसल्या. हसल्या ते ठीक, पण त्या तिच्या मागे बघून हसल्या.

रेमेईनं बाजूला पाहिलं. उन्हात काळ्या भिंतीवर दोघांची सावली सोबत चालली होती. पुढची सावली पुढे वाकून जिवाच्या आकांतानं पाय मारत होती. मागच्या सावलीचे दोन्ही पाय दांडीवर आडवे टाकलेले होते आणि एक हात डच बायकांना टाटा करत होता.

तिनं कचकन ब्रेक दाबला. बाल्दिरीचं नाक तिच्या पाठीवर आपटलं.

"पाय कुठायत तुझे?"

"कुठे म्हणजे?"

"कधीपासून मारत नाहीयेस?"

बाल्दिरीनं थोडा विचार केला. "गाव सोडल्यापासून," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला चालवायचंय. मी आपला रस्त्यावर लक्ष ठेवत होतो."

रेमेई पुढे वळली आणि पायडल दाबलं. पुढच्या सगळ्या चढावर बाल्दिरीनं पाय मारले की नाही हे तिनं मुद्दाम पाहिलं नाही.

चढ संपतो तिथे, घाटमाथ्यावर, एक शेताचा रस्ता आडवा जातो. मोटारी घुसू नयेत म्हणून तिथे लाकडी खुंट रोवलेत. रेमेईनं सायकल थांबवून एक पाय टेकला. पलीकडे गवताचे भारे लादलेला ट्रॅक्टर जोरजोरात धडधडत उभा होता.

"थांब," मागून बाल्दिरी म्हणाला. "मी उतरून बघतो."

त्यानं सकाळपासून 'थांब' इतक्या वेळा म्हटलं होतं की रेमेईच्या कानांनी तो शब्द घेणंच सोडून दिलं होतं. खुंटांमधून तिनं सायकल पुढे ढकलली आणि पाय मारला.

सायकल एकदम हलकी झाली.

पायडलं आपणहून फिरल्यासारखी फिरू लागली. रेमेईच्या लक्षात आलं: मारतोय. शेवटी पाय मारतोय. बोलणी लागली त्याला. ती काही बोलली नाही, पण तिच्या मनातला अर्धा राग तिथल्या तिथे ओसरला. पुढे उतार होता. दोन्ही बाजूंना बीचची झाडं, पिवळी-तांबडी पानं, त्यांच्यामधून काळी वाट आणि गालाला लागणारा गार वारा. मागून एक शब्द येत नव्हता. "डावीकडे हात कर" नाही, "सावकाश" नाही. इतक्या वर्षांच्या संसारात बाल्दिरी एवढा वेळ गप्प राहिल्याचं तिला आठवेना. ओशाळला असणार बिचारा.

"मारतोयस, कळतंय मला," ती मान न वळवता म्हणाली. "बरं वाटलं."

मागून काही नाही.

"तू असा गप्प आहेस तोवर एक सांगू? मधे बोलू नकोस. तू मधे बोललास की माझं राहून जातं."

तो मधे बोलला नाही. आणि उतारावर तसंही करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून रेमेई बोलत गेली.

"तुझं लायसन्स गेलं त्या दिवशी तू रडलास. मी स्वयंपाकघरात गेले, तुला वाटलं मीही रडतेय. मला रडू येत नव्हतं, बाल्दिरी. मला बरं वाटत होतं. माझ्या मनात आलं, आता हा दुपारी जेवायला घरी असेल. आयुष्यभर तुझं ताट झाकून ठेवलं. तू चार वाजता यायचास, पाच वाजता यायचास, यायचासच नाही. म्हटलं, आता समोरासमोर बसून जेवू. मी नवा टेबलक्लॉथ आणला होता. तुला आठवतही नसेल. आणि तू काय केलंस? खाली गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसलास. रेडिओ लावून. रोज. आणि मी तुला खिडकीच्या काचेतून डबा देते, तू काच खाली करतोस, घेतोस, वर करतोस. पेट्रोल पंपावर असल्यासारखी उभी असते मी. गाडी जागची हलत नाही, आणि तू त्यात बसून जेवतोस. मला सांग, त्या गाडीत काय आहे जे माझ्यात नाही?"

इथे तिला स्वतःलाच हसू आलं. "गिअर सोडून," ती म्हणाली.

तरीही मागून काही नाही. पण ते गप्प राहणं तिला रागाचं वाटलं नाही. ऐकून घेणारं वाटलं. वळणावर सांत फेलिऊचं जुनं स्टेशन दिसलं. तिथे आता सायकलवाल्यांसाठी खाण्यापिण्याची जागा आहे. रेमेईनं सायकल थेट टेबलांपर्यंत आणली, पाय टेकला आणि डोळे पुसत म्हणाली, "उतर. आता जेवू. आणि काही बोलायचं असेल तर जेवल्यावर बोल."

हॉटेल चालवणारी तेक्ला फडक्यानं टेबल पुसत होती. तेक्ला पूर्वी सॉसेजच्या कारखान्यात रेमेईच्या शेजारी उभी राहायची. ती पुसायची थांबली.

"कुणाशी बोलतेयस?"

"कुणाशी म्हणजे? बाल्दिरीशी."

तेक्लानं सायकलच्या मागे पाहिलं, सायकलखाली पाहिलं, मग रेमेईकडे पाहिलं. "रेमेई," ती हळूच म्हणाली, "बस. पाणी देऊ?"

रेमेई वळली. मागची सीट रिकामी होती. सीटवर एक बीचचं पान येऊन बसलं होतं.

तिला आधी वाटलं, पडला. मग वाटलं, उतारावर कुठे गडगडला असेल आणि आपल्याला कळलं नाही. तिनं घाईघाईनं फोन लावला. पुढच्या पिशवीत, तिच्याच पोटाशी, बाल्दिरीचा फोन वाजू लागला.

"त्याला समोरचं दिसत नाही, तेक्ला. मी त्याला कुठे सांडलं?"

"आधी पाणी पी. मी गाडीवाल्या कुणाला तरी—"

"गाडी जात नाही तिथे," रेमेई म्हणाली आणि ती जडशीळ सायकल तिनं उलटी फिरवली.

जो उतार तिनं मजेत उतरला होता तो आता चढायचा होता. तिनं सीटवरून उठून पाय मारले. जिथे जमेना तिथे उतरून सायकल ढकलली. प्रत्येक वळणावर ती खाली दरीत डोकावून हाक मारी. एक तरुण जोडपं वरून येत होतं, त्यांना तिनं अडवलं.

"वर कुणी म्हातारा दिसला का? पिवळ्या जाकिटातला?"

"पोलीस ना?" मुलगी म्हणाली. "आहे की, घाटावर. आम्हाला थांबवून ठेवलं होतं त्यानं."

"पोलीस नाही हो."

"नाही? मग माझ्या घंटीबद्दल का रागावला?"

रेमेईचा जीव भांड्यात पडला. आणि पडल्या पडल्या तिचं डोकं तापलं. उरलेला चढ तिनं त्या रागाच्या जोरावर काढला.

घाटमाथ्यावर गर्दी होती. एका बाजूला आठ-दहा सायकलवाले पाय टेकून उभे. दुसऱ्या बाजूला तोच गवताचा ट्रॅक्टर, आणि त्याच्या मागे कुणाच्या तरी गाई. मधोमध बाल्दिरी, एक हात सायकलवाल्यांपुढे आडवा, दुसऱ्या हातानं गाईंना पुढे बोलवत. मान त्यानं भलतीकडेच फिरवलेली होती, त्यामुळे तो नजरेनंच सगळं आवरतोय असा भास होत होता. एकेक गाय अदबीनं त्याच्यासमोरून गेली.

ट्रॅक्टरवरच्या फ्रुइतोस नावाच्या शेतकऱ्यानं रेमेईला आणि तिच्या रिकाम्या मागच्या सीटला पाहिलं. "हा तुमचा का?" त्यानं विचारलं.

"हो."

"घेऊन जा. जन्मभर मी हा रस्ता ओलांडतोय, कधी थांबलो नाही. आज तिसरी खेप आहे आणि तिन्ही वेळा थांबलोय. मघाशी याच्याशी वाद घातला तर म्हणतो, ट्रॅक्टरचा इंडिकेटर दाखव."

"मग?"

"आता काय करतो, दाखवला."

बाल्दिरीनं आवाज ऐकला. त्यानं तोंड दुसरीकडे वळवून तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्याचे दोन्ही हात खाली आले. ताटकळलेले सायकलवाले संधी साधून निसटले. फ्रुइतोसही गेला, जाताना इंडिकेटर लावून.

"आलीस," बाल्दिरी म्हणाला.

"आले."

"मला वाटलं नव्हतं येशील. मी ओरडलो, पळालो थोडा. तू मागे वळून पाहिलंससुद्धा नाही. मग मी इथे विचार करत बसलो." त्यानं जाकिटाची चेन खालीवर केली. "बरोबर केलंस तू. मी पाय मारत नव्हतो. बायको घाम गाळतेय आणि मी टाटा करतोय. तुझ्या जागी मी असतो तर मीही मला सोडून गेलो असतो."

रेमेईनं खरं ते सांगायला तोंड उघडलं. पण एवढ्या वर्षांत बाल्दिरीच्या तोंडून 'बरोबर केलंस तू' हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं तोंड मिटलं.

"मग?" ती म्हणाली.

"मग मारेन. अमेरपर्यंत, जिरोनापर्यंत, तू म्हणशील तिथपर्यंत."

"बस."

या वेळी उतारावर ती वरचेवर विचारत होती, "आहेस ना?" आणि शेवटी वैतागून म्हणाली, "बोलत राहा काहीतरी. तुझा आवाज येऊ दे." हे वाक्य आपण म्हटलंय यावर तिचा विश्वास बसेना. बाल्दिरीचाही बसला नाही. एवढी मोकळीक मिळाल्यावर त्याला एकाएकी काही सुचेना, म्हणून तो स्टेशनपर्यंत हॉर्नचा आवाज काढत राहिला.

तेक्लानं काही न विचारता दोन ताटं आणून ठेवली. बारीक पांढरा घेवडा, भाजलेलं सॉसेज आणि टोमॅटो चोळलेला पाव. बाल्दिरीकडे मात्र ती जरा जास्तच वेळ बघत राहिली, तो खरंच आहे याची खात्री करून घेतल्यासारखी.

"मघाशी तू आलीस तेव्हा हा नव्हताच," ती म्हणाली. "आणि तू याला म्हणतेस, उतर, आता जेवू. माझी तर पाचावर धारण बसली."

बाल्दिरीचा काटा घेवड्यात थांबला.

तेक्ला आत गेली. रेमेई पावाचा कडक भाग मोडत बसली.

"म्हणजे तुला ठाऊकच नव्हतं?" बाल्दिरी म्हणाला. "मी नाहीये हे?"

"सायकल हलकी झाली. मला वाटलं, पाय मारतोयस."

"सोडून गेलीस ते चालेल. भांडण झालं, माणूस सोडून जातो. पण कळलंच नाही? एवढा मोठा माणूस मागे नाही, आणि तू खुशाल बोलत येतेस?"

"हो."

"कशी काय?"

"सवय झालीय," रेमेई म्हणाली. "दोन वर्षं रोज दुपारी तुझ्या रिकाम्या खुर्चीशीच बोलते मी."

ती भांडणाच्या सुरात बोलली नव्हती. तिला ते असं म्हणायचंही नव्हतं. उतारावर तिनं किती छान, क्रमानं सांगितलं होतं, टेबलक्लॉथपासून. आता एवढंच आलं.

बाल्दिरीनं तोंड फिरवलं. आसपासच्या कुणालाही वाटलं असतं की नवरा रुसला. पण रेमेईला माहीत होतं, तो तिच्याकडे बघत होता. बराच वेळ बघत होता.

"आणखी काय म्हणालीस?" त्यानं विचारलं. "येताना?"

"खूप काही. आता नाही आठवत सगळं."

"पुढे अमेरपर्यंत उतारच आहे. परत सांग."

"तू मधे बोलशील."

"बोलणारच. मी असेन ना."

तिनं पुन्हा सांगितलं. तो खरोखरच मधे बोलला. टेबलक्लॉथ निळा होता असं तिनं म्हटल्यावर त्यानं हिरवा होता असा वाद घातला, आणि तो वाद लेस प्लानेस गावापर्यंत चालला. टेबलक्लॉथ त्याला आठवत होता, याचाच तिला धक्का बसला होता. म्हणून ती हरली. गॅरेजबद्दल ती बोलली तेव्हा मात्र तो जोरानं पाय मारू लागला. सायकलचा वेग वाढला. मग थोड्या वेळानं म्हणाला की गाडीत बसलं की आपण गिऱ्हाइकाची वाट बघतोय असं वाटतं, वर आलं की कशाचीच वाट बघत नाही असं वाटतं.

"माझी बघ," रेमेई म्हणाली. "मला यायला वेळ लागतो, पाय दुखतात."

जिरोनाहून परतल्यावर सोमवारी दुपारी तो वर आला. टेबलाशी बसला, घेवड्यात मीठ कमी आहे म्हणाला, गॅस मोठा आहे म्हणाला, खिडकीची कडी कुरकुरते म्हणाला. बुधवारपर्यंत रेमेईला वाटायला लागलं की आठवड्यातून एखादा दिवस त्यानं गॅरेजमध्ये जेवायला हरकत नाही. तसं तिनं सांगितलंही. शुक्रवार ठरला.

घाटावरची गोष्ट बाल्दिरीनं गावभर केली. बाजारात, न्हाव्याकडे, एलोइच्या दुकानात येणाऱ्या अनोळखी पाहुण्यांनाही तो सांगतो, "पाय मारत नव्हतो म्हणून बायकोनं मला घाटात टाकलं. वळून पाहिलं नाही. अशी बाई आहे." हे सांगताना त्याची छाती फुगते. लोक रेमेईकडे आदरानं बघतात, बायका जरा जास्तच. ती मान हलवते आणि भाजी निवडत राहते. खरं काय झालं ते दोघांपैकी कुणीही कुणाला सांगत नाही, आणि तेक्लाला त्यांनी तिच्या वाढदिवसाला एक अख्खं सॉसेज पाठवलंय.